चिंचेने घासलेली ग्लासगोची पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे. मित्रांनो, माझा जन्म स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झाला. तिथल्या कारखान्याचे नाव माझ्या अंगावर ओतलेले आहे. एका वाफेच्या इंजिनाला चिकटून मी बोटीने इकडे आले आणि पुणे-मिरज मार्गावर पुष्कळ धावले. धाप इंजिनाला लागायची, रुबाब माझा असायचा.

इंजिन भंगारात गेले आणि मी जुन्या बाजारात मकसूदभाईंच्या चादरीवर आले. तिथून कोथरूडच्या दिगंबररावांनी मला उचलले. ग्लासगोचे काहीही दिसले की ते घरी आणत. कंदील, वजने, एकदा तर नळाची तोटी.

"ग्लासगोचे जावई आहात का हो?" त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई विचारत.

जुन्या पितळेवरचा काळा थर घासायचा नाही, असा संग्राहकांचा नियम. खंडेनवमीला घरातले प्रत्येक अवजार घासून पूजेला मांडायचे, असा प्रेमलाबाईंचा नियम. पहिल्याच वर्षी दिगंबरराव फुले घेऊन आले, तर मी लखलखीत होऊन विळी आणि पान्याच्या मध्ये हळदकुंकू लावून बसलेली.

"अगं, शंभर वर्षांचा थर घालवलास."

"शंभर वर्षं कोणी घासली नाही म्हणा की."

मग दरवर्षी हेच भांडण आणि हीच चकाकी.

एका हिवाळ्यात प्रेमलाबाई वारल्या. मला कोणी हात लावेना. पावसाळ्यात मी पुन्हा काळी पडले.

तेव्हा श्यामसुंदर नावाचे एक जाणकार आले. ते जुन्या यंत्रांचे प्रदर्शन भरवत होते. "आता कशी खरी दिसते," ते म्हणाले. "मधल्या भिंतीवर हिलाच लावू. नवमीला न्यायला येतो. फक्त पुसू नका."

आपली वस्तू प्रदर्शनात लागावी, ही दिगंबररावांची आयुष्यभराची हौस. ते लगेच हो म्हणाले. पण नंतर रोज माझ्यासमोर उभे राहू लागले. प्रेमलाबाईंनी आणलेली चमक काळ्या थराखाली कुठेच दिसत नव्हती.

नवमीला सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडले, चिंच शोधली आणि मला घासायला घेतले. श्यामसुंदर आले तेव्हा मला कुंकू लागत होते.

"अहो, हे काय केलंत? आता ही प्रदर्शनात चालायची नाही."

"नाही ना? मग चहा घ्या. माझा हात हळदीचा आहे, कप तुम्हीच उचला."

मित्रांनो, जुन्या वस्तू घासाव्यात की नाहीत, ते जाणकार ठरवोत. मी आनंदात आहे. फक्त दिगंबररावांना कोणीतरी सांगा, चिंचेतले चिंचोके आधी काढायचे असतात. फार ओरखडतात हो.