पाइनची हद्द

विनोनानं आकडी टाकून सापळ्यावर खुणेला तरंगणारा बोया बोटीत ओढला आणि तिचा हात तिथंच थांबला. पिवळ्या बोयावर हिरवा पट्टा होता, म्हणजे तो त्यांचाच. पण बोयाच्या दांड्यावर दोराचे दोन फास आवळलेले होते, आणि ते तिच्या नवऱ्यानं, एल्डननं, घातलेले नव्हते.

आमच्या किनाऱ्यावर या दोन फासांचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो. तू आमच्या पाण्यात शिरला आहेस. आज गाठ मारली आहे, उद्या दोर कापू.

"काय गं, अडकलं काय?" एल्डननं सुकाणूपाशी उभ्या उभ्याच विचारलं.

"शेवाळ आहे."

"एवढं?"

"आहे तर आहे. तू पुढे बघ."

नखं दुखेपर्यंत खेचून तिनं दोन्ही फास सोडवले आणि दोर चाकावर चढवला. सापळा पाणी गाळत वर आला. आत तीन शेवंडी होत्या. एल्डननं पहिलीला माप लावलं न लावलं आणि ती लहान म्हणून परत टाकली. दुसरी भरली. तिसरी उलटी केली तर पोटाखाली काळीभोर गाभोळी. त्यानं तिच्या शेपटीच्या पात्याला नेमकी खाच मारली आणि तिला हलकेच पाण्यात सोडलं.

"जा बाई, लेकरं सांभाळ."

खाच असलेली मादी पुढे कोणाच्याही सापळ्यात आली तरी तिला सोडून द्यायचं, असा आमच्याकडे कायदा आहे. एल्डनच्या आजोबांच्या काळी तो नुसता रिवाज होता, आणि कायद्यापेक्षा जास्त पाळला जायचा. छप्पन्न वर्षांत एल्डनची खाच कधी वाकडी गेली नव्हती. आजही गेली नाही. हात अगदी शाबूत होते. मे महिन्यात डॉक्टरांनी जे सांगितलं ते हातांविषयी नव्हतंच.

"बरोबर पाइनवर आहोत आपण," एल्डन समाधानानं म्हणाला आणि बेटाकडे बोट केलं.

विनोनानं तिकडे पाहिलं. मेंढ्यांच्या बेटावर ते पाइनचं झाड आता नव्हतं. जानेवारीच्या वादळात ते मुळासकट आडवं झालं होतं.

त्या झाडाचा आम्हांला भारी तोरा होता. मेन राज्याच्या झेंड्यावर जे पाइन आहे ते हेच, असं आमच्या टार्बेल खाडीतली माणसं पाहुण्यांना ठोकून द्यायची. इंग्लंडच्या राजाच्या माणसांनी डोलकाठीसाठी म्हणून त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाडीनं बाण कोरला होता, असं सांगत. राजा गेला, आमचं मेन मॅसॅच्युसेट्सपासून वेगळं झालं, डोलकाठ्या जाऊन इंजिनं आली, पाइन मात्र जागच्या जागी उभं. समुद्रावरून पाहताना चर्चचा मनोरा त्याच्या मागे लपला की टार्बेलचं पाणी संपलं आणि स्टिल्सन बंदराचं सुरू झालं. ही हद्द कुठल्याही नकाशावर नाही, पण तिच्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी नकाशावरच्या हद्दींवरूनही झाली नसतील. पाइन पडलं त्या दिवशी एल्डन स्वतः होडी घेऊन बेटावर गेला होता आणि परत येऊन न जेवता झोपला होता.

आता एल्डन ज्याकडे बोट दाखवत होता ते स्प्रूसचं झाड होतं. थोराड, पण स्प्रूसच, आणि पाइनच्या जागेपासून चांगला पाव मैल दक्षिणेला. त्याच्यामागे मनोरा लपवायचा म्हणजे पार स्टिल्सनवाल्यांच्या अंगणात जायचं.

जूनमध्ये तिनं एकदा त्याला सांगून पाहिलं होतं. "मला हद्द शिकवतेस?" म्हणून तो आधी तडकला. नुसता तडकून राहिला असता तर तिला चाललं असतं. आयुष्यभर तेच चाललं होतं. पण मग तो बेटाकडे पाहत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी भीती आली की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. तेव्हापासून गुडघे कुरकुरत असतानाही ती रोज त्याच्याबरोबर बोटीवर येत होती. बोट विकून टाका, असा मुलीचा दर रविवारी पोर्टलंडहून फोन. विकू, विकू, म्हणून विनोना वेळ मारून नेई. समुद्र काढून घेतला तर एल्डनचं किती उरेल, याचा हिशेब तिला करायचा नव्हता.

आणि आता हे दोन फास. सापळ्यांचे दोर कापले गेले की बंदरात बोभाटा होणार, पोरंसोरं हळहळत चौकशीला येणार, आणि एल्डनला सगळं कळणार. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर स्प्रूसच्या रेषेवर एकही बोया नव्हता. दोर कापले, असंच विनोनाला वाटलं. मग एल्डन म्हणाला, "ते बघ, तिकडे गेलेत." पाव मैल उत्तरेला, टार्बेलच्या पाण्यात अगदी आतल्या अंगाला, अकराच्या अकरा बोये ओळीनं डुलत होते.

"ओहोटीनं ओढले असतील," एल्डन म्हणाला, आणि त्यानं अकरा सापळे बोटीच्या मागच्या बाजूला रचून पुन्हा स्प्रूसच्या रेषेवर नेऊन टाकले. ती आमिष भरत राहिली.

तिसऱ्या दिवशी बोये पुन्हा आपल्या बाजूला. चौथ्या दिवशीही. दोर कुठंच कापलेला नाही, दांड्यावर फास नाहीत. सापळ्यातली शेवंड जिथल्या तिथे. वर आमिषाची पिशवी ताज्या मासळीनं भरलेली, आणि तिच्या तोंडाची गाठ अशी, जी विनोनानं उभ्या जन्मात कधी मारली नव्हती. ओहोटी बरंच काही करते, पण गाठी मारत नाही.

दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावला तर आमच्याकडे परवाना जातो, तीन वर्षं. ज्याला हे ठाऊक असूनही रोज अकरा सापळे हलवायचे होते असा स्टिल्सनमध्ये कोण आहे, याचा तिनं खूप विचार केला. एल्डनला शाळेपासून ओळखणाऱ्या एकाच माणसाकडे तिचा विचार वळत होता, आणि नेमक्या त्याच माणसाकडून तिला ही अपेक्षा नव्हती.

उन्हाळ्यात रविवारी सापळे ओढायला बंदी असते. एल्डन दुपारी पडवीत घोरायला लागला तशी विनोनानं ब्लूबेरीचं गोड सारण भरून भाजलेला 'पाय' कापडात गुंडाळला आणि गाडी काढली. पाण्यानं स्टिल्सन दोन मैल, रस्त्यानं सत्तावीस.

लायमन केट्स आपल्या धक्क्यावर उलट्या पिंपावर बसून सापळ्याची फाटलेली जाळी विणत होता. एल्डन आणि तो शाळेत एकाच संघातून बास्केटबॉल खेळले होते. त्या वर्षी संघ राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दोन्ही बंदरांत आठवडाभर कोणी काम केलं नव्हतं. पुढे सापळ्यांवरून बिनसलं. एल्डननं लायमनचे साठ दोर कापले, लायमननं एल्डनचे सत्तर. आधी कोणी कापले यावर दोन बंदरांचं अजून एकमत नाही. त्याला तेहतीस वर्षं झाली. लायमनची बायको गेली तेव्हा एल्डन तिच्या अंत्यविधीलाही गेला नव्हता. विनोना एकटी गेली होती आणि मागच्या बाकावर बसून परत आली होती.

"वाट चुकलीस काय?" लायमननं मान वर न करता विचारलं.

"तुझ्यासाठी ब्लूबेरीचा पाय आणलाय."

"विष घालून?"

"साखर कमी घातलीय. तुझ्या वयाला तेवढं पुरे."

त्यानं हातातलं विणकाम खाली ठेवलं. ती दुसऱ्या पिंपावर बसली.

"लायमन, आमचे सापळे तू हलवतोस."

"मी? वेड लागलंय? परवाना जाईल माझा." त्यानं पाण्याकडे पाहिलं. "यंदा ओहोटीला जोर आहे."

"ओहोटी उत्तरेला नेते होय रे? तेही अकरा, ओळीनं? आणि जाता जाता आमिष भरते?"

लायमननं ब्लूबेरीच्या पायचा तुकडा तोडून तोंडात टाकला. चावायला त्याला फार वेळ लागला.

"बोयावरची गाठ मीच मारली होती," शेवटी तो म्हणाला. "डोकंच फिरलं माझं. म्हटलं, म्हातारा मरायला टेकला तरी खोड जात नाही. दुसऱ्या दिवशी दोर कापायला सुरी घेऊनच निघालो. वाटेत तुमची बोट समोरून आली. तू मागे वाकून आमिष भरत होतीस. आणि एल्डननं मला हात केला."

विनोनानं आपलं पिंप त्याच्याजवळ ओढलं.

"साधा नाही, पूर्वी करायचा तसा, दोन्ही हात वर करून. वर ओरडला, 'लायमन, लेका!' म्हणून." त्यानं तसे हात करून दाखवले. "तेहतीस वर्षं तो माणूस माझ्याकडे बघून थुंकत होता. मला वाटलं, माझी चेष्टा करतोय. मग त्याचं तोंड बघितलं. खूश होता गं. नुसता खूश."

"त्याला आठवत नाही," विनोना म्हणाली. हे तिनं मोठ्यानं पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. डोळे भरून आले तसे तिनं ते खुशाल वाहू दिले.

"समजलं मला. स्प्रूस धरून चाललाय तो." लायमननं हात पँटला पुसले. "त्यानं भांडण विसरायचं आणि मी एकट्यानं लक्षात ठेवायचं, हा कुठला न्याय? कंटाळा आला मला. सुरी घेतली ती तशीच ठेवून दिली. सापळे उचलले, तुमच्याकडे नेऊन टाकले."

"तुझ्या लोकांना कळलं तर?"

"माझ्या लोकांनाही दोन वाजता घरी जाऊन झोपायची सवय आहे. मी नंतर निघतो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "नोव्हेंबरपर्यंत ढकलू. थंडी पडली की बोट तशीही वर काढायचीच. वसंतातलं वसंतात बघू. तोवर त्याला सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"काहीच."

परतीच्या सत्तावीस मैलांत विनोनाला वाटेत एकदा गाडी कडेला घ्यावी लागली.

सोमवारी सकाळी समुद्र सपाट होता. दहाच्या सुमारास लायमनची बोट हद्द ओलांडून सरळ त्यांच्या दिशेनं आली आणि वीस हातांवर येऊन इंजिन बंद झालं. विनोनानं आमिषाचं भांडं खाली ठेवलं. एल्डनच्या हातात सुरी होती, आमिषाचे मासे कापायची. विनोनाचं लक्ष नकळत त्या सुरीकडे गेलं.

एल्डननं सुरी फळीवर टाकली आणि दोन्ही हात वर केले.

"लायमन! कुठं होतास रे इतके दिवस?"

"होतो की इथंच," लायमन म्हणाला. "पलीकडे."

"मग यायचं नाही? मिलीला घेऊन ये शनिवारी. विनी बीन्स करते."

मिली म्हणजे लायमनची गेलेली बायको. विनोनाला वाटलं आता सगळं फुटतंय. लायमननं टोपी काढली, आत काहीतरी असल्यासारखं पाहिलं आणि परत डोक्यावर ठेवली.

"मिलीला जमणार नाही. मी येईन."

"ये. आणि हे बघ," एल्डन कठड्यावर वाकून, गुपित सांगितल्यासारखं म्हणाला, "या अंगाला यंदा शेवंड झकास आहे. तुझे सापळे आण इकडं. आपल्या दोघांत कसली आलीय हद्द?"

याच पाण्यासाठी एकशे तीस दोर कापले गेले होते. लायमन तोंड फिरवून इंजिनाच्या झाकणाशी उगीच खुडबुड करत राहिला. दोन्ही बोटी वाहत वाहत एकमेकींना लागल्या. विनोनानं हात लांब करून त्याच्या बोटीचा कठडा धरला.

"ऐकलंस ना, विनोना?" लायमन पाठमोराच म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण आवाज नीट निघाला नाही. "साक्षीला आहेस तू."

"ऐकलं," ती म्हणाली. "उद्या आण."