अंबूबाईचा दगड

मी टेम्पो बोलतोय. निळा, डाव्या दाराला पोचा, मागच्या फळीवर 'गावदेवी प्रसन्न' आणि त्यातला 'न्न' उडालेला. शेणव्यात मला 'कोंडूचा टेम्पो' म्हणायचे. मागच्या दिवाळीनंतर मी धसईच्या संदेशचा झालो, कागदपत्रंही त्याच्या नावावर झाली. तरी शेणव्याकडचं माणूस वाटेत भेटलं की "तो बघ कोंडूचा टेम्पो" असंच म्हणतं. एकदा चिकटलेलं नाव सहजासहजी सुटत नाही.

माझ्यावरून एक भांडण झालं. खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण टेम्पोला कोण विचारतो? म्हणून आज सांगून टाकतो.

कोंडूनं मला कोरा करकरीत घेतला त्याला बारा वर्षं होत आली. त्याआधी तो कसाऱ्याच्या एका माणसाची जीप चालवायचा. त्या जीपच्या मालकानं त्याला एक धडा दिला होता. "कोंडू, बॅटरी म्हणजे दुभती म्हैस. उगाच पिळू नको. उतार मिळाला की गाडी सोडून द्यायची, आपसूक चालू होते." हा धडा कोंडूच्या डोक्यात असा बसला, की माझ्या पूजेचा नारळ फुटल्यावर आठ दिवसांतच त्यानं मला चावीनं चालू करणं सोडून दिलं. चावी अर्धी फिरवायची, दिवे आणि हॉर्नपुरती. पुढचा अर्धा फेर माझ्या नशिबातच उरला नाही.

त्याचं घर टेकाडावर. दारातून निघालेली वाट थेट खालच्या सडकेला लागते. रोज माझं तोंड उताराकडे करून तो मला उभा करी आणि पुढच्या चाकाखाली एक दगड सरकवी. काळा, चपटा, पायलीएवढा. सकाळी कोंडू आत बसायचा, आरशात बघायचा आणि हाक द्यायचा, "काढ गो." मग अंबूबाई, म्हणजे त्याची बायको, चुलीपुढची उठून यायची, वाकायची आणि दगड ओढून काढायची. मी हळूहळू घरंगळायचो, कोंडू दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, आणि आंब्याच्या झाडापाशी पोचेतो मी धडधडायला लागलेला असायचो. मागे धूर, आणि धुरात अंबूबाई दगड हातात घेऊन उभी.

शहापूरच्या बाजारातही तसंच. कोंडू जागा बघायचा ती सावलीची नाही, उताराची. उतार नसेल तिथं मला बंदच करायचा नाही. "कोंडू, इंजिन बंद कर की, डिझेल फुकट जातंय," असं कुणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "जाऊ दे रे. डिझेल मिळतं, बॅटरी नाय मिळत." आता दोन्ही दुकानातच मिळतात, पण हे त्याला कोण सांगणार?

माणूस मात्र सोन्यासारखा. म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायचा असला की अर्ध्या तालुक्यातली माणसं कोंडूला सोबत न्यायची. तो बैलाचे दात बघायचा, चालवून बघायचा, मग विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारायचा, "खोड काय हाय ती सांग." मारकुटा असेल, पाण्यात बसत असेल, खांदा चोरत असेल, जी असेल ती खोड विकणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायची. हा आमच्याकडचा जुना रिवाज. खोड लपवून जनावर विकलं की त्या माणसाच्या दावणीला पुन्हा कुणी फिरकत नाही. कोंडू म्हणाला बैल चांगला, की लोक दुसऱ्यांदा दातसुद्धा बघायचे नाहीत. एवढा त्याचा शब्द.

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि मला विकायचं ठरलं. संदेशनं माझा फोटो मोबाईलवर पाहिला आणि तो बायकोला, समीक्षाला, घेऊन शेणव्याला आला. दोघं धसईला भेंडी पिकवतात. मुरबाडच्या एका व्यापाऱ्याला सकाळी आठच्या आत माल पोचवायचा असतो. आठ वाजून गेले की भेंडी परत, आणि दोन-तीनदा परत आली की व्यापारी दुसरा शेतकरी धरतो.

संदेशनं टायर बघितले, बोनेट उघडून तेल बघितलं, हॉर्न दाबला, दिवे लावले. सगळं ठीक. कोंडू आत बसला, म्हणाला, "काढ गो." अंबूबाईनं दगड काढला. आंब्यापाशी मी चालू झालो, आणि तिथून पुढे संदेशनं मला किन्हवलीपर्यंत चालवून आणलं. मीही त्या दिवशी जरा ऐटीतच चाललो, खोटं कशाला बोलू?

"काका, काय खोड असेल तर आताच सांगा," संदेश म्हणाला.

कोंडूनं माझ्या बोनेटवर हात ठेवला. "गावदेवीची शपथ. अकरा वर्षांत एक दिवस चालू नाय झाला, असं घडलं नाय."

शब्द न् शब्द खरा होता. सौदा झाला, आणि त्याच उतारावरून निघून मी संध्याकाळी धसईला पोचलो.

धसईला संदेशचं खळं तव्यासारखं सपाट. दुसऱ्या दिवशी पहाटे भेंडीचे क्रेट भरून झाले, संदेशनं चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. माझ्या अंगात तेवढंच होतं. अकरा वर्षं ज्या हाताला कामच दिलं नाही, तो एकाएकी कसा उचलणार? शेजारच्या चौघांनी ढकलून मला चालू केलं, पण मुरबाडला पोचेपर्यंत साडेआठ झाले. भेंडी परत आली. दुसऱ्या दिवशी तेच. परत आलेल्या भेंडीकडे बघत समीक्षा पायरीवर बसून राहिली. ती मला काही बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दोघांनी मला ढकलून चालू केलं आणि थेट शेणव्याला आणलं. पण कोंडूच्या टेकाडावर नाही. गावदेवीच्या देवळापुढे, सपाट जागेत, आणि तिथं संदेशनं मला बंद केलं. मग त्यानं कोंडूला बोलावणं पाठवलं.

कोंडू आला, मागोमाग चार माणसं आली, मग आणखी चार. संदेश आवाज न चढवता बोलला.

"काका, बैलाची खोड तुमी लोकांना विचारता. मग टेम्पोची का नाय सांगितली? शपथ घेतलीत तुमी देवीची."

असं कोंडूला आजवर कुणी बोललं नव्हतं. त्याच्या बरोबर जत्रेत बैल बघितलेला म्हातारा बुधूसुद्धा तिथं होता, आणि तो कोंडूकडे न बघता जमिनीकडे बघत होता. ते कोंडूला जास्त लागलं असावं.

"गाडी चालू होत नाय?" कोंडू म्हणाला. "आण चावी. तुला चालवता येत नसंल."

तो आत बसला. चावी अर्धी फिरवली, दिवे लागले. गिअर टाकला. आरशात बघितलं. आणि नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "काढ गो."

मी जागचा हललो नाही. हलणार कसा? तिथं उतार नव्हता, आणि चाकाखाली दगड नव्हता. कोंडू आरशात बघतच राहिला. मग त्यानं चावी पुढे फिरवली. टक. त्यानं पुन्हा केलं. टक.

"तिकडंच काय झालं असंल," तो पुटपुटला. "माझ्याकडं हा कदी अडला नाय. देवीपुढं उभा हाय, खोटं नाय बोलत."

"खोटं नाय बोलत ते," मागून आवाज आला. अंबूबाई गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्यांपाशी आली होती. "पण खरं काय ते पण त्यांना ठाव नाय. पोरा, ह्यांनी अकरा वर्षं ती चावी फिरवलीच नाय. टेम्पो चालू व्हायचा नाय, मी करायचे. पावसात चिखलात, थंडीत, ताप असला तरी. ह्या टेम्पोचा स्टार्टर म्हणजे मी. गुडघे गेले माझे, आणि हे सांगतात टेम्पोला काय खोड नाय."

कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. अंबूबाई हसत नव्हती.

कोंडू खाली उतरला. बराच वेळ त्यानं माझ्या पुढच्या चाकाकडे पाहिलं, जिथं दगड असायचा तिकडे. मग देवळाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या टेम्पोला खोड हाय. सपाटीला चालू होत नाय. मला ठाव नव्हती, पण ठाव असायला पायजे होती. दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजीत फिरलो आणि घरात काय चाललंय ते बघितलं नाय. संदेश, तुला पायजे तर टेम्पो परत घेतो. ठेवणार असशील तर दुरुस्ती माझी."

संदेशनं समीक्षाकडे बघितलं. ती म्हणाली, "दुरुस्त झाला तर ठेवू. बाकी काका बोलले तसाच हाय तो."

मग बुधूनं वर बघितलं आणि कोंडूला तंबाखूची डबी पुढे केली.

शहापूरच्या मेकॅनिकनं माझा स्टार्टर उघडला, तर आत गंज, आणि कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर. नवा स्टार्टर बसला. कोंडूच्या हट्टावरून मला पुन्हा त्याच देवळापुढे, त्याच सपाटीवर आणलं. खोड जिथं सांगितली तिथंच ती गेल्याचं दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. संदेश चावी घेऊन पुढे झाला, तर कोंडूनं त्याला थांबवलं.

"अंबू, तू बस."

"मला काय येतंय?"

"बस गो. नुसती चावी फिरव. पूर्ण."

अकरा वर्षांत ती माझ्या स्टेअरिंगपुढे कधी बसली नव्हती. पदर सावरून बसली. दोन बोटांनी चावी धरली आणि फिरवली. मी लगेच चालू झालो. तिनं दचकून हात काढला, तरी मी चालूच. ती तशीच बसून राहिली, धडधडणाऱ्या माझ्याकडे बघत, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "एवढंच होतं होय?"

कोंडूनं दार उघडलं, तिचा हात धरला आणि तिला खाली उतरवलं.

आता मी धसईला असतो. सकाळी चावी समीक्षाच फिरवते, आणि आठच्या आत मुरबाडला पोचतो. महिन्यापूर्वी कोंडू एस.टी.नं आला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. माझ्या बोनेटवर हात ठेवून म्हणाला, की दगड त्यानं दारात पालथा घातलाय आणि अंबू संध्याकाळी त्याच्यावर बसते, पाय लांब करून. म्हशाच्या जत्रेला लोकांनी त्याला यंदाही बोलावलंय.

तुम्ही कधी जुनी गाडी घ्यायला गेलात तर माझं एक ऐका. मालकाला जरूर विचारा, पण त्याच्या घरातल्या माणसांनाही विचारा. आणि मालक असाल तर अधूनमधून आरशात नुसतं बघू नका, उतरून मागे जाऊन बघा. मला तर सगळं दिसत होतं. रोज त्या दगडाच्या आधारानं उभा राहिलो, आणि तो काढणारीला एकदाही म्हणालो नाही, की बाई, राहू दे आज, दुखतंय तुला. तेवढं माझ्याकडून राहून गेलं, अंबूबाई.