सहा ठोके, मग चार

गेणबा ओव्हाळ यांनी दौंडच्या रेल्वे केबिनमध्ये एकतीस वर्षं काढली. आता तिथं सगळं कॉम्प्युटरवर आलंय, पण तेव्हा शेजारच्या स्टेशनाशी बोलायचं ते घंटेच्या ठोक्यांनी. गाडी सुखरूप पोचली, वाट मोकळी झाली, की चार ठोके. सहा ठोके आले की हातातलं काम टाकून गाडी थांबवायची, कारण सहा म्हणजे धोका. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा होता. जेवढे ठोके आले तेवढेच उलट वाजवायचे. उलट आले नाहीत तर निरोप पोचलाच नाही असं धरायचं आणि पुन्हा वाजवायचं.

त्यांची बायको रंगुबाई गेल्या साली वारली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत तिनं लावलेली सात झाडं मागं राहिली. त्यातली चार गेणबांच्या हातून मेली. कुणाला पाणी जास्त झालं, कुणाला कमी. तीन उरली. गवती चहा, कढीपत्ता आणि पिवळी शेवंती. शेवंतीला फुलं आली की रंगुबाई रोज दोन खुडून बुद्धाच्या फोटोपुढं ठेवायची.

पुढं वडगाव रासाईला रंगुबाईच्या धाकट्या बहिणीला, सगुणाबाईला, लकवा मारला. लग्नात गेणबांचे बूट लपवल्यापासून ती त्यांना "दाजी, दाजी" करून छळत आलेली. तोंडाला कधी विसावा नाही अशी बाई. तिची वाचा गेली आणि उजवी बाजू लुळी पडली. तीन महिन्यांनी शिरूरचे डॉक्टर म्हणाले, "पायात ताकद आलीये. आता उठून चालल्या तर चालल्या. नाहीतर पाय आखडेल आणि कायमच्या खाटेवर राहतील."

पण सगुणाबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मुलगा नवनाथ रांजणगावला कंपनीत, सून सुरेखा शेतात. दोघांनी हात जोडले, रागावून पाहिलं. ती उठेना.

गेणबा एकदा भेटून आले. पुढच्या रविवारी एका टेम्पोत तीन डबे घालून ते वडगावला हजर झाले. एक नंबरचा गवती चहा पडवीत खाटेला लागून ठेवला. दोन नंबरचा कढीपत्ता भिंतीच्या कडेनं पाच पावलांवर. तीन नंबरची शेवंती पार गेटजवळ, बारा पावलांवर. मधलं अंगण उघडं, धरायला काही नाही.

"काका, गेटापाशी नगं," सुरेखा म्हणाली. "शेजारच्या सोजरबाईची शेळी लई चोरटी हाय. नाकानं कडी उचलून आत येती."

"असू दे. लांबच पायजे."

मग त्यांनी खाटेवर स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला आणि सगुणाबाईच्या पाठीकडं बघून बोलायला लागले. "सगुणे, हा खेळ हाय. रोज सकाळी धा वाजता माझा फोन येईल. मी दौंडात पेला वाजवीन. एक ठोका म्हंजी पैल्या झाडाला पानी, दोन म्हंजी दुसऱ्याला, तीन म्हंजी शेवंतीला. ऐकलं की तेवढेच ठोके उलट. पानी घालून झालं की चार. आन् सहा वाजवायचे न्हाईत हं. सहा वाजले की मेल गाडीसुदिक उभी ऱ्हाती."

पाठ हलली नाही.

"तुझ्या बहिणीची झाडं हायती," गेणबा म्हणाले. "माझ्या हातनं चार मेली. आता तू बघ."

सुरेखानं सासूचा बटणांचा फोन कापडी पिशवीत घालून तिच्या गळ्यात अडकवला. आलेला फोन आपोआप उचलला जाईल आणि दोनचं बटण दाबून धरलं की दाजींना फोन लागेल अशी सोयही केली, आणि खाटेशी एक काठी टेकवून ठेवली.

सोमवारी दहा वाजता गेणबांनी एक ठोका दिला. पलीकडून काही आलं नाही. नियमाप्रमाणं त्यांनी पुन्हा दिला. असा वीस वेळा दिला. मंगळवारी चमचा जमिनीवर फेकल्याचा आवाज आला. गेणबांना बरं वाटलं, निदान हात तरी हलला. गुरुवारी पलीकडून एकदा, अगदी हळू, टण झालं.

गेणबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. घरात सांगायला कुणी नव्हतं. ते पुन्हा बसले.

एक नंबरला खाटेवरूनच पाणी घालता यायचं. दोनला भिंत धरावी लागली, पण पंधरा दिवसांत कढीपत्त्याचेही चार ठोके येऊ लागले. गाडी अडली ती तीनवर. गेणबा तीन द्यायचे, उलट तीन यायचे, पुढं काही नाही. शेवंतीला सुरेखाच पाणी घालायची. एके दिवशी मात्र तीन आले आणि मिनिटभरात चारही आले.

"सगुणे," गेणबा फोनमध्ये म्हणाले, "बारा पावलं जायची, बारा यायची. येवढ्यात आलीस? इमानात बसून गेलतीस काय? लबाडी चालायची न्हाई. एकतीस वर्सं टायमिंग बघितलंय म्या."

पलीकडं घशातून खर्र खर्र आवाज आला. ती हसत होती.

तरी पाऊल काही अंगणात पडलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, की भिंत धरून चालणं खरं नव्हे. गेणबांच्या जिवाला घोर लागला. रंगी तर गेली, आता तिची बहीणही जागच्या जागी बसून जाईल, आणि आपण नुसता पेला वाजवत राहू.

श्रावणातल्या एका सकाळी, साडेनवाच्या सुमाराला, ते स्टेशन रोडला चहाच्या टपरीवर म्हाळूबरोबर बसले होते. म्हाळू रेल्वेचा जुना गँगमन.

"काय गेणबा, धा वाजत आले. मेव्हणीची ड्युटी हाय नव्हं?"

"हाय की."

"रिटायर झाल्यावं मानसं नातवंडं खेळवत्यात. हे गडी चमचा वाजवतंय!"

तेवढ्यात फोन वाजला. सगुणाबाईचा. तिनं आपणहून कधीच फोन केला नव्हता. गेणबांनी तो स्पीकरवर टाकला.

टण टण टण टण टण टण.

"सहा?" म्हाळूनं चहा खाली ठेवला. दोघंही एकदम उभे राहिले.

"सगुणे! काय झालं?"

लांबून शेळीचं ओरडणं ऐकू आलं आणि गेणबांना उलगडा झाला. सुरेखा शेतात, नवनाथ कंपनीत, गेट उघडं, आणि गेटाशी रंगीची शेवंती.

इकडून करण्यासारखं काही नव्हतं. मग फोनमधून ठक असा आवाज आला. काठीचा. त्यामागं पाय फरपटल्याचा. मग मोठा श्वास.

"एक," गेणबा म्हणाले.

ठक. "दोन."

पाचव्याला पडवी संपली. तिथं आवाज थांबला. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. काय चाललंय हे त्याला कळलं नव्हतं, पण दोन म्हातारे श्वास रोखून उभे आहेत एवढं दिसत होतं. मग मातीवर काठी टेकल्याचा जड आवाज आला.

"सहा," या वेळी म्हाळू म्हणाला.

सात, आठ. नवव्याला ती धडपडली असावी, काहीतरी घासल्यासारखं वाजलं. गेणबांनी डोळे मिटले. दहा. अकरा.

बारावं पाऊल ऐकूच आलं नाही, कारण त्यावर एक आरोळी आली. चिरकी, फाटकी, पण अक्षर न् अक्षर कळेल अशी.

"मुडदे!"

पाठोपाठ शेळी ओरडत पळाल्याचा आवाज. पाच महिन्यांतला सगुणाबाईचा हा पहिला शब्द.

आणि मग ढब, ढब, ढब, ढब.

"हा पेला न्हाई," म्हाळू म्हणाला.

"डबा हाय," गेणबा म्हणाले. "गेटाजवळचा डबा. काठीनं वाजीवती. तितं उभी हाय ती. म्हाळू, वाट मोकळी झाली!"

नियम म्हणजे नियम. त्यांनी समोरचा चहाचा ग्लास उचलला आणि चमच्यानं उलट चार दिले. चौथ्याला ग्लासाला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

"आवो काका, गिलास!" टपरीवाला ओरडला.

"जाऊ दे रं," म्हाळू म्हणाला. "मेल गाडी आली आमची."

थोड्या वेळानं सुरेखाचा फोन आला. ती रडत होती आणि हसतही होती. "काका, म्या शेतातनं आले तर आई गेटाला टेकून हुब्या! बसा म्हनलं तर बसंनात. पन शेळीनं शेवंतीचे सगळे शेंडे खाल्ले वो."

"खाऊ दे," गेणबा म्हणाले. "या दिवसांत रंगीबी शेंडे खुडायची. खुडलं की बगलंतनं चार फुटवे येत्यात, फुलं दुप्पट लागत्यात. शेळीला काय कळतंय, पन काम बरोबर केलंन."

घड्याळात दहा वाजले होते. त्यांनी टपरीवाल्याकडून दुसरा ग्लास मागून घेतला, सगुणाबाईला फोन लावला आणि मोजून तीन ठोके दिले.

पलीकडून लगेच तीन आले. इतके जोरात, की म्हाळूनं कानावर हात ठेवले.