न तपासलेला कोपरा

दाजी दोर तपासायला बसले की बाकीच्यांनी खुशाल चहा पिऊन यावं, असा टोळीचा शिरस्ताच पडला होता. उंच इमारतींच्या काचा धुणारी ही टोळी. दोराला लटकायचं, काच पुसायची, जरा खाली सरकायचं, पुन्हा पुसायची. दाजी गच्चीवर मांडी ठोकून बसत आणि दोराचं वेटोळं पुढ्यात घेऊन तो इंच न् इंच बोटांतून ओढत. कालच तपासलाय की, असं कुणी म्हटलं तर म्हणत, "काल तो काल होता." वरच्या टोकाला तर चांगला आहे, असं म्हटलं तर म्हणत, "मग तू वरच्याच टोकाला लटक."

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ लुकड्या त्यांच्याच हाताखाली हे काम शिकला. ताई, म्हणजे लुकड्याची बहीण, नेहमी सांगायची, "हे पहिल्यांदा आमच्या घरी आले ना, तेव्हा आधी खुर्ची हलवून बघितली आणि मग बसले." अशा माणसाने तो कागद जिभेवर ठेवला, यावर अजूनही कुणाचा विश्वास बसत नाही.

कागद लुकड्यानेच आणला होता. वर्षापूर्वी दाजींचा पाठचा भाऊ गेला आणि दाजींचं हसणंच बंद झालं. जेवायला बसले तर घास हातात तसाच. बहिणीचं मुकं झालेलं घर लुकड्याला बघवेना. मग ओळखीतला एकजण म्हणाला, नखाएवढा चौकोन आहे, जिभेवर ठेवायचा, मन हलकं होतं, काही होत नाही. 'काही होत नाही' असं सांगणाऱ्यांचं कधीच काही जात नाही, ते मेले सुखात असतात. हा माल कुठल्या औषधाच्या कारखान्यातला नव्हता. कुणीतरी कुठल्यातरी बंद खोलीत रसायन कालवलं, त्यात कागद भिजवला, वाळवला आणि वर चौकोन आखले. कुठल्या चौकोनात किती उतरलंय हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

दाजींनी तिथेही आपली पद्धत सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी वरच्या कडेचा एक चौकोन घेतला, त्याचा चतकोर कापला आणि आधी स्वतः घेऊन बघितला. "पाणी आहे नुसतं," असं त्यांनी जाहीर केलं. नंतर त्याच ओळीतले दोनचार तुकडे घेतले, तेही तसेच निघाले. मग धोका नाही, झालाच तर फायदा, असं ठरून रोज सकाळी कामावर यायच्या आधी एक चतकोर सुरू झाला. एक दिवस डबा खाताना त्यांनी चक्क विनोद केला. लुकड्याला इतकं बरं वाटलं की त्याने गच्चीवर दोर सांभाळणाऱ्या पैलवानालाही एक चौकोन देऊन टाकला. पैलवानाने एवढंच विचारलं, "दाजींनी घेऊन बघितलाय ना?" बघितलाय म्हटल्यावर पुढे विचारायचं काय राहिलं?

त्या दिवशी दाजी आणि लुकड्या नवव्या मजल्यापाशी शेजारी शेजारी लटकलेले होते. सकाळचं ऊन काचेवर होतं. दाजींचा हात अचानक थांबला आणि फडकं सुटून खाली गेलं. दाजींच्या हातून वस्तू पडलेली लुकड्याने आजवर पाहिली नव्हती.

"लुकड्या, ही काच श्वास घेतेय," दाजी म्हणाले.

लुकड्या हसला. स्वारी आज मजेत आहे, असं त्याला वाटलं. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. दाजींच्या डोळ्यांतली बुबुळं नुसती काळी झाली होती. वारा असूनही मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"दाजी, आज किती घेतलात?"

"रोजचाच चतकोर. वरची ओळ संपली, खालच्या कोपऱ्यातला घेतला." मग त्यांनी दोन्ही हात कमरेवर नेले. "हा पट्टा आवळतोय मला. जिवंत आहे हा."

त्या पट्ट्यालाच दोन्ही दोर अडकवलेले होते, कामाचा आणि तो तुटलाच तर माणसाला झेलणारा शेजारचा जोडदोर. पट्टा सुटला की दोर कितीही मजबूत असले तरी माणूस खाली जाणार. दाजींची बोटं बकलाशी खेळायला लागली. लुकड्याने हात लांब केला तरी तो पोचत नव्हता. झोका घेऊन जावं तर दाजी दचकून काय करतील याचा नेम नव्हता.

गच्चीवरचा दोर असा बांधलेला असतो की वेळ पडली तर वरूनच माणसाला खाली सोडता येतं. लुकड्याने छातीवरच्या वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "पैलवान, दाजींना वरून सोड. सावकाश." एवढं बोलला मात्र, आणि त्याला आठवलं. पैलवानाला चौकोन त्यानेच दिला होता. तोही खालच्या ओळीतला.

"पैलवान, तू तो कागद घेतलास का?"

वरून नुसती खरखर आली.

"अरे बोल की बाबा. घेतलास का?"

"नाही रे. खिशातच आहे. रविवारी घेणार होतो. का?"

"मग सोड. अगदी हळू सोड. दाजींना चढलंय."

दोर सरकायला लागला तसे दाजी आणखी बावरले. लुकड्या ओरडला, "दाजी, हात काढा तिथून," पण त्यांनी बकल जास्तच घट्ट धरलं. लुकड्या रडायच्या बेतात होता. ताईला काय सांगू, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. ओरडून उपयोग नाही हे त्याला कळलं. मग त्याने घसा साफ केला आणि गच्चीवर रोज बोलतो तसा बोलला.

"दाजी, हा जोडदोर आज कुणीच तपासलेला नाही."

धडधडीत खोटं होतं ते. सकाळी दाजींनीच तो तपासला होता.

दाजींची बोटं थांबली. "कुणीच नाही?"

"नाही. घाई होती म्हणून तसाच सोडला."

"गाढव आहात सगळे," दाजी म्हणाले. एक हात बकलावरून निघाला, मग दुसराही निघाला. समोरचा जोडदोर त्यांनी चिमटीत धरला. वरून पैलवान सोडत होता आणि दाजी खाली जाताना दोर आपोआप बोटांतून वर सरकत होता. लुकड्या त्यांच्या बरोबरीने उतरत राहिला. मध्येच दाजी पुटपुटत, "इथे मुंग्या आहेत," आणि लुकड्या म्हणे, "असू देत, पुढे बघा."

चौथ्या मजल्याशी त्यांनी दोर सोडला आणि हात परत पट्ट्याकडे गेले. चेहरा लालबुंद झाला होता, दात एकमेकांवर वाजत होते.

"दाजी, वरच्या टोकाला चांगला निघाला," लुकड्या घाईघाईने म्हणाला. "बाकीचा राहू दे का?"

दाजींनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. "मग तू वरच्याच टोकाला लटक," असं म्हणून त्यांनी दोर परत धरला.

हे वाक्य लुकड्याने हजारदा ऐकलं होतं. आज मात्र ते ऐकताना त्याला कागद आठवला. वरच्या ओळीतला चतकोर चांगला निघाला म्हणून सगळा कागद चांगला धरला होता. दाजींनी धरला आणि त्यांच्या भरवशावर सगळ्यांनी धरला. कुणालाही दोर आठवला नाही.

पाय जमिनीला लागले तसे दाजी कोसळले. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि हातपाय झटके देत होते. अँब्युलन्स येईपर्यंत लुकड्याने त्यांचं डोकं मांडीवर धरून ठेवलं.

इस्पितळात त्याने डॉक्टरीणबाईंना काही न लपवता सगळं सांगितलं. पैलवानाने खिशातला चौकोनही काढून दिला. बाईंनी विचारलं, "यात औषध किती असतं?" लुकड्या म्हणाला, "माहीत नाही." बाई म्हणाल्या की ओला कागद वाळताना पातळ रसायन एका बाजूला ओघळून साचतं, आणि आत नेमकं कोणतं रसायन आहे तेही तपासावं लागेल. मग त्या लगबगीने आत गेल्या.

ताई धापा टाकत आली तेव्हा तिला एवढंच कळलं होतं की दाजींना कामावर चक्कर आली. लुकड्याने ते तसंच राहू दिलं. दुपार उलटली तेव्हा ताप उतरला, धोका टळला असं बाईंनी सांगितलं आणि दोघांना आत सोडलं. ताई उशाशी बसली. झोपेतही दाजींचा हात चादरीच्या कडेवरून चालत होता, चिमटीत धरून, थांबून, पुन्हा पुढे.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"लुकड्या, दोर कुठवर झाला?"

"झाला दाजी. खालपर्यंत झाला."

"सगळा?"

"सगळा."

दाजींचा हात चादरीच्या कोपऱ्यापाशी येऊन थांबला. "आणि कागद?"

"कसला कागद?" ताईने विचारलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. लुकड्या भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

"ताई," तो म्हणाला, "तो कागद मी आणला होता."