बाभळीखालची तिसरी खुर्ची

दोन प्लास्टिकच्या खुर्च्या हातात आणि तिसरी डोक्यावर उलटी घेऊन चांगदेव निघाला, तेव्हा नीलाने गॅसजवळूनच विचारलं, "आज पन जाताव? कोनी येत न्हाय तिथं."

"येतील. बसनारा बसला पायजे," तो बायकोला म्हणाला आणि गेला.

अंजूर गावाच्या कडेला, गोदामाच्या भिंतीला लागून एक बाभूळ उरली होती. बाभळीची सावली ती किती, पण चांगदेव आज तिसऱ्या दिवशीही तिच्याखाली बसला. कित्येक वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस. इंजिन उघडल्याशिवाय त्याला कोणाला दोष देता येत नसे.

त्याचा भाडेकरू कुमार गोदामाचा टेम्पो चालवायचा. टेम्पो मागे घेताना गावातल्या हरेशच्या आईला, कमळाला, धक्का लागला आणि तिचा पाय मोडला. "शनिवारपर्यंत गाव सोडायचं, न्हाय तर सामान रस्त्यावर," असं हरेशने जाहीर केलं. गावानेही मान डोलावली. बाहेरच्या माणसासाठी वाईटपणा कोण घेणार? कुमार आणि त्याच्या बायकोने भांडी बांधायला घेतली होती.

"चाचा, हम चले जाएंगे. आप धूप में मत बैठो," तो आजही येऊन म्हणाला.

"तू गप बस खाली."

ऊन चढलं. गोदामांच्या पत्र्यांवर हवा थरथरत होती आणि तिच्यातून त्याला कधीकाळी पाहिलेले उंट संथपणे चालताना दिसत होते. चांगदेवने डोळे मिटले तरी ते चालतच राहिले.

तीस वर्षांपूर्वी तो जहाजावर फिटर होता. सोमालियाच्या एका लहान बंदरात त्यांचं इंजिन महिनाभर बंद पडलं. त्या देशात तेव्हा सरकार नव्हतं, पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं. चांगदेवने लावलेली साखळी सुटली आणि एका हमालाच्या पायावर पेटी पडली. कॅप्टनने केबिनला आतून कडी घातली.

तिथले म्हातारे मात्र एका काटेरी झाडाखाली बसले. तीन दिवस बसले. एक बोलताना दुसरा तोंड उघडत नसे, हात वर करून मोजणी नाही. सगळ्यांना पटेपर्यंत उठायचं नाही. शेवटी वरसामे नावाचा म्हातारा उभा राहिला. चांगदेव त्याच्या घरी चार वेळा जेवला होता, तेवढीच ओळख. हिंदी येणाऱ्या एका खलाशाने त्याचं बोलणं सांगितलं: "यानं माझ्या घरचं दूध प्यायलंय. याची चूक ती आमची." मग वरसामेच्या कुळातल्या घराघराने हमालाच्या कुळाला भरपाई म्हणून उंट दिले. त्याच संध्याकाळी इंजिन सुरू झालं आणि घाईघाईत जहाज सुटलं.

"झोपला का काय, दादा?"

समोर हरेश उभा होता. मागे रिक्षात कमळा, पाय प्लास्टरमध्ये. तिनेच त्याला आणलं असावं. हरेश दोन मोकळ्या खुर्च्यांपैकी एकीकडे वळला, तसा चांगदेव म्हणाला, "ती नको. ही घे."

हरेश बसला. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत चांगदेव गप्प राहिला. त्याला वेळ लागला. आईचं कण्हणं तीन रात्री ऐकलेला मुलगा होता तो.

"आनि ह्यो तुजा कोन लागतो?" शेवटी हरेशने विचारलं.

"माज्या घरचं पानी पितो. ह्याची चूक ती आमची. कमळाकाकी चालंपर्यंत तिचं पानी, बाजार, दवाखाना आमी बगू. मी, नीला, माजे दोगं भाव. एकट्या ह्याच्यावर न्हाय टाकनार."

रिक्षातून कमळा म्हणाली, "त्या कुमारच्या बायकोला धाड सकाळची. मना आंघोलीला बाईमानूस पायजे."

कुमार मान खाली घालून रडला. हरेशने चांगदेवच्या खुर्चीजवळच्या तांब्यातलं पाणी घेतलं, प्यायला, आणि तोच तांब्या कुमारपुढे ठेवला.

सगळे गेल्यावर चांगदेवने दोन खुर्च्या उचलल्या. तिसरीला हात लावायला त्याचं मन होईना. जहाज सुटलं त्या संध्याकाळी धक्क्यावर वरसामे पांढऱ्या कापडात उभा होता, आणि चांगदेव खाली इंजिनावर वाकलेला. वर आला तेव्हा किनारा लांब गेला होता; निरोप घ्यायचा राहूनच गेला.

तो रिकाम्या खुर्चीसमोर जरा थांबला.

"येतो हं, बाबा," म्हणाला, आणि मग तिसरीही डोक्यावर घेतली.