लेकरांची बरड

कडूबाने सहावी खुंटी उपटली, तिची माती धोतराला पुसली आणि बाकीच्या पाचांबरोबर काखोटीला मारून तो तडक चावडीकडे निघाला. मोजणीवाल्यांनी त्या खुंट्या सकाळीच ठोकल्या होत्या. चावडीत सरपंच अण्णासाहेब चहा घेत बसले होते. त्यांच्या पुढ्यात त्याने त्या एकेक करून मांडल्या.

"खुंट्या सरकारच्या हायेत, कडूबा," अण्णासाहेब आवाज न चढवता म्हणाले. "उपटल्यानं जागा तुई होत नाई."

"मायी नाईच. लेकराईची हाय."

उंद्रीच्या रस्त्याला लागून असलेला तो खडकाळ तुकडा कागदोपत्री पडीत होता. गाव त्याला लेकरांची बरड म्हणे. मोठ्या माणसांना नदीकाठी अग्नी देत. दात न आलेली बाळे इथे पुरत. वर एक धोंडा, कोल्ह्याने उकरू नये म्हणून बोरीची काटी, आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही नाहीसे. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षे झाली होती, गावाला सोसायटीचे गोदाम मंजूर झाले होते आणि ते या बरडीवर बांधायचे ठरले होते. अण्णासाहेब काही वाईट माणूस नव्हते. गावची ज्वारी दरवर्षी भिजते हे त्यांना बघवत नव्हते. पण ज्याचे जळते त्यालाच कळते. दोन वर्षांपूर्वी कडूबाने आपली अकरा दिवसांची मुलगी स्वतःच्या हातांनी त्या मातीत ठेवली होती. बारसे दुसऱ्या दिवशी होते. तिच्यावर आता पाया खणणार, हे त्याला सहन होत नव्हते, आणि होऊ द्यायचेही नव्हते.

त्याने अर्ज केला. चिखलीच्या तहसील कचेरीतून उत्तर आले, की महसुलाचे सर्कलसाहेब बुधवारी चौकशीला येतील, पुरावा तयार ठेवावा. आता पुरावा आणायचा कुठून? कोतवालाच्या वहीत मरण लिहिलेले, पुरल्याची जागा नाही. कित्येक बाळे तर वहीपर्यंत पोचलीच नव्हती. म्हाताऱ्यांना विचारावे, तर एक म्हणे बाभळीच्या अलीकडे, दुसरा म्हणे पलीकडे. बायांना विचारून उपयोग नव्हता. पुरायला पुरुषांनीच जायचे ही रीत. चार दिवस कडूबा दारोदार फिरला आणि हात हलवत घरी आला.

त्याची आई झुंबरबाई ओसरीवर तूर पाखडत होती.

"नाव नाई, निशाणी नाई," तो तिच्यापाशी बसत म्हणाला. "साहेबाले काय दाखवू?"

"तुयं नाव कडू काऊन ठेवलं, ठाऊक हाय ना?"

ठाऊक होते. त्याच्या आधीचे दोघे गेले, म्हणून तिसऱ्याच्या ओठांना कडुलिंबाचा पाला लावला आणि नावही कडू ठेवले. काळाने तोंडात घेतला तरी थुंकून टाकावा म्हणून. या नावापायी शाळेत पोरांनी त्याला कमी छळले नव्हते.

झुंबरबाईने सूप खाली ठेवले. "मंग गावात दगडू किती, धोंडू किती, ते मोज. आमी बाया काई बरडीवर गेलो नाई. पर मागून आलेल्या लेकरावर नावाची खूण ठेवली."

कडूबा उठला तो थेट मास्तरांकडे गेला आणि मतदारांची यादी घेऊन आला.

बुधवारी चावडी भरली. सर्कलसाहेबांना परतीची गाडी गाठायची होती, त्यामुळे त्यांचे अर्धे लक्ष घड्याळात होते. कडूबाने यादी उघडली, आधी स्वतःचे नाव सांगितले, त्यामागची हकिगत सांगितली आणि मग एकेक नाव वाचू लागला. नाव घेतलेला माणूस उठून भिंतीशी उभा राही. दगडू दयाराम उठला. धोंडाबाई पदर सावरत उठली. भिकाजी काठी टेकत उठला.

"तुमच्या आधी किती?" साहेबांनी त्याला विचारले.

"चार."

"चारही तिथंच?"

"दुसरीकडं कुठं नेतीन, साहेब?"

साहेबांनी आकडा लिहिला. त्यानंतर त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही.

शेवटच्या पानावर कडूबाचे बोट थबकले. ते नाव अण्णासाहेबांचे होते. त्यांच्या आईने, सत्यभामाबाईने, जन्मलेले पोर उकिरड्यावर ठेवून सापडल्यासारखे उचलून आणले होते आणि तसेच नाव ठेवले होते. सरपंच झाल्यापासून ते नाव कोणी त्यांच्या तोंडावर घेतले नव्हते. ते सहीसुद्धा आद्याक्षरांवर भागवत. यादी आणली तेव्हाच कडूबाने ठरवले होते, की कोणाची भीड धरायची नाही. पण परक्या माणसासमोर वडीलधाऱ्याला उघडे पाडणे त्याच्या जिवावर आले. त्याने बोट खाली सरकवले, पुढचे नाव वाचले आणि यादी मिटली.

"झालं, साहेब. सतरा जण."

साहेबांनी पेनाला टोपण लावले.

"एक सुटलं तुयं," अण्णासाहेब म्हणाले.

अण्णासाहेब खुर्चीतून उठले आणि भिंतीशी जाऊन दगडूच्या शेजारी उभे राहिले.

"उकंडा सीताराम. लिवा, साहेब."

साहेबांनी टोपण पुन्हा काढले. "आधी किती?"

"तीन," अण्णासाहेब म्हणाले. मग कडूबाकडे पाहत हळूच म्हणाले, "त्याईची जागा मले बी ठाऊक नाई."