चार्जरवरची सावली

वैशाखात वऱ्हाडात गाडी कुठे लावायची, याचं उत्तर एकच असतं: सावलीत. ती सावली कोणासाठी केलेली आहे, हे मात्र फार थोडे लोक बघतात.

अमरावतीचे शेषराव त्या थोड्यांतले नव्हते. भाचा पियुषच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, ते अकोल्याला निघाले होते. मागच्या सीटवर पेढ्यांचे खोके होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका हॉटेलावर ते थांबले. आवारात सावली म्हणून एकच पत्र्याचं शेड होतं, आणि त्याखाली इलेक्ट्रिक गाड्यांचा एकुलता एक चार्जर. 'जागा फक्त चार्जिंगसाठी' अशी पाटीही होती. शेषरावांची गाडी पेट्रोलची. त्यांनी पाटी वाचली आणि गाडी शेडखाली लावली.

ते जेवायला बसले तोच मॅनेजर टेबलापाशी आला. "काका, शेडखालची पांढरी गाडी तुमची का? चार्जिंगवाले उन्हात थांबून राहिले."

"पेढे वितळतीन न बावा माये!" झुणक्याचा घास घेत शेषराव म्हणाले. "अन् त्याईले थांबायची सवयच असते. थांबू द्या."

मॅनेजर हात हलवत परत गेला. शेषरावांनी वर ताकही मागवलं.

अकोल्याच्या हॉलमध्ये दुपार कलू लागली तरी नवरीकडच्यांचा पत्ता नव्हता. फोन लावला तर 'येतोच आहोत' एवढंच उत्तर. गुरुजी चुळबुळ करत होते. पियुषची आई ललिता रडकुंडीला आली. "दादा, त्याईच्या मनात दुसरं काई आलं नसंन न?"

"अवं, इलेक्ट्रिक गाडीनं येऊन राहिले न ते? मंग काय!" शेषराव खो खो हसले. "पेट्रोल पाच मिनिटात भरते अन् माणूस चालू लागते. याईले बॅटरीची सेवा करा लागते!"

इतक्यात गाडी आली. नवरी आकांक्षा स्वतःच चालवत होती, शेजारी तिचे वडील सूर्यभानजी. वरूडला त्यांचे संत्र्याचे बगीचे आहेत. दोघंही घामानं भिजलेले.

"आई, माफ करा," आकांक्षा म्हणाली. "रोज रात्री घरी लावली की सकाळी गाडी भरलेली असते, मोबाईलसारखी. आज पल्ला लांबचा, म्हणून मधात अर्धा तास चार्जिंग अन् तेवढ्यात चहा, असं ठरवूनच निघालो होतो. पण चार्जरखाली एक पेट्रोलची गाडी उभी! मालक म्हणे जेवून राहिला. त्याचे पेढे वितळून राहिले होते म्हणे."

"कोण होता तो मेला?" ललिता कडाडली. "मी असती तर चारही चाकाईची हवा सोडून देती!"

शेषरावांनी पेढ्यांचे खोके हळूच खुर्चीमागे सरकवले.

"हवा सोडून काय होते, बाई?" सूर्यभानजी शांतपणे म्हणाले. "त्याले ते चूकच वाटली नसंन. मले सांगा, पेट्रोल पंपावर केवढं मोठं छत असते! पण तिथं नळीसमोर गाडी लावून कोणी जेवाले जाते काय? मागचे त्याले उचलून बाहेर फेकतीन. आमच्या चार्जरले मात्र लोक मांडव समजतेत. वरून म्हणतेत, या गाड्याईले लय वेळ लागते! आज आमचा वेळ गाडीनं नाई खाल्ला जी, माणसानं खाल्ला."

शेषराव उठून उभे राहिले. "सूर्यभानजी... तो मेला मीच!"

ललितानं कपाळाला हात लावला. सगळ्यांत आधी हसली ती आकांक्षा. "मंग मामाजी, आता ते पेढे तर वाटा! एवढे सावलीतून आणले!"

हशा पिकला. गुरुजींनी विधी सुरू केले आणि साक्षगंध थाटात पार पडलं.

पंगत बसायच्या आधी शेषरावांनी आकांक्षापुढे हात पसरला. "चाबी दे, पोरी. परत जायले चार्जिंग लागंन न तुमाले? शिकव मले ते कसं लावतेत."

गाडी घेऊन शेषराव जवळच्या चार्जरवर गेले. अर्ध्या तासानं ललिताचा फोन आला. "दादा, ताटं वाढली. गाडी राहू दे तिथंच, जेवून घे."

"नाई वं," शेषराव म्हणाले, "मागं एक जण वाट पाहून राहिला. आमची झाली की त्याले जागा करून देतो, मंगच जेवतो."

मित्रहो, इलेक्ट्रिक गाडी सोयीची की गैरसोयीची, याचं उत्तर निम्मं यंत्रात आहे आणि निम्मं आपल्या वागण्यात. चार्जरची जागा ही पार्किंग नव्हे, तो त्या गाड्यांचा पंप आहे. काम नसेल तर तिथे गाडी लावू नये, आणि काम झालं की लगेच काढावी!